वाचून दाखविले, बरोबर आहे

शिरस्तेदारांविषयी चार पानं लिहून द्या, असं संस्थेनं स्मरणिकेच्या वेळी मला कळवलं, तेव्हा मी प्रकृतीचं कारण सांगितलं. प्रकृती ठणठणीत होती. पुढे शिरस्तेदारांचे जावई एकदा घरी आले. म्हणाले, "तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यांत जास्त हिंडलात. काही आठवणी सांगा, नातवंडांना ऐकायच्या आहेत." मी त्यांना मोटारसायकलची गोष्ट सांगितली, कोंबड्यांची सांगितली. ते पोट धरून हसले आणि मी सुटलो. त्या गोष्टी खऱ्याच आहेत आणि इथंही येतील. पण त्यांच्या आड मी बरीच वर्षं बसून राहिलो. आता पंचाहत्तरी उलटली. उरलेली गोष्टही लिहून टाकतो.

शिरस्तेदार हे त्यांचं आडनाव नव्हे. सारी नोकरी त्यांनी कोर्टात केली, निवृत्त होताना त्या हुद्द्यावर होते, आणि हुद्दाच नाव होऊन बसला. उंच, थोडे वाकलेले, बारा महिने बंद गळ्याचा कोट. जालन्याच्या एप्रिलातसुद्धा कोट. कुणी म्हटलं, "शिरस्तेदार, काढा की तो," तर म्हणत, "आत सदऱ्याला ठिगळ आहे." ठिगळ वगैरे काही नव्हतं. लोकांनी दोनदा आग्रह करू नये म्हणून केलेली ती सोय होती.

नव्वदीच्या दशकात आमची संस्था भोकरदन आणि परतूर तालुक्यांतल्या काही गावांत मारामाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून काम करत होती. मी त्या कामाचा समन्वयक. बांधावरची भांडणं, दारू पिऊन घरात होणारी मारहाण, सणाच्या दिवशी मानावरून निघणाऱ्या काठ्या. गावोगाव आम्ही सलोखा समित्या केल्या होत्या. मग पैसे देणाऱ्या मंडळींनी कळवलं की या कामानं फरक पडला का ते तपासा, आणि ही तपासणी गावकऱ्यांना बरोबर घेऊन करा. आम्ही याचा अर्थ असा लावला की गावकऱ्यांना सतरंजीवर बसवायचं आणि फोटो काढायचे. तपासणीला संस्थेबाहेरचा माणूस हवा होता. कुणीतरी शिरस्तेदारांचं नाव सुचवलं. निवृत्त आहेत, अक्षर चांगलं आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. यातली शेवटची गोष्ट सोडून सगळं खरं निघालं.

पहिल्याच दिवशी कार्यालयात येऊन त्यांनी विचारलं, "मारामाऱ्या कमी झाल्या हे ठरवणार कोण?"

मी म्हणालो, "पोलीस ठाण्यातल्या नोंदी आहेत ना."

"त्या मी जन्मभर वाचल्या. माणूस ठाण्यात येत नाही त्याची दोन कारणं असतात. भांडण झालं नाही, नाहीतर यायची हिंमत झाली नाही. नोंदीत दोन्ही सारखंच दिसतं. ज्याला काठी बसली होती त्याला विचारलं का तुम्ही?"

विचारलं नव्हतं.

"कुणाला?" हा त्यांचा शब्द होता. सरपंच म्हणाले, "आता गावात बरं चाललंय," की शिरस्तेदार लगेच, "कुणाला?" त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, ह्यांना भाजी चांगली झाली म्हणायची सोय नाही. विचारतात, कुणाला."

मोटारसायकलवर ते माझ्या मागं उलटे बसत. माझ्या पाठीला पाठ, तोंड मागल्या रस्त्याकडं. समोरची धूळ डोळ्यांत जाते, असं त्यांचं म्हणणं. भोकरदनच्या रस्त्यावरची धूळ कोणत्याही बाजूनं बसलं तरी डोळ्यांत जायची, पण ते ऐकत नसत. एका गावात पारावरच्या एकानं ओरडून विचारलंच, "ओ साहेब, तुमी गावात येऊन राह्यले का गावातून जाऊन राह्यले?" शिरस्तेदार गंभीरपणे म्हणाले, "ड्रायव्हर येतोय, मी जातोय." पुढं त्या गावात त्यांना कुणी परकं मानलं नाही.

काम संपेपर्यंत ते गावात चहा घेत नसत. ज्याची साक्ष घ्यायची त्याचं खायचं-प्यायचं नाही, ही कोर्टाची सवय. वाटूरला एका हॉटेलवाल्यानं चिडवलं, "घ्या हो साहेब, आमी काय खटल्यातले आरोपी न्हाई." तर म्हणाले, "आरोपीचा घेतला असता. तुम्ही साक्षीदार आहात." वाटूरलाच त्यांनी बायकांना विचारलं, तंटा कमी झाला हे तुम्ही कशावरून ओळखाल? एक म्हणाली, संध्याकाळी गिरणीवर पोरीला एकटीला धाडता आलं की. दुसरी म्हणाली, जेवताना ताट उडालं न्हाई की. मागून एक पुरुष म्हणाला, बायको माहेरून आपल्या पायानं परत आली की. सगळ्या हसल्या, त्याची बायको त्यांच्यातच बसलेली होती. शिरस्तेदार हसले नाहीत, त्यांनी तेही लिहून घेतलं. आम्ही कचेरीत बसून तपासणीच्या ज्या खुणा ठरवल्या होत्या, त्यांतली एकही त्यांनी वापरली नाही. "खुणा गावानं ठरवायच्या," म्हणाले. "त्यांचं भांडण, मोजमापही त्यांचं."

आता कोंबड्या. तेव्हा धान्याच्या ढिगांची पद्धत नवीन आली होती. जमिनीवर दोन चौकोन आखायचे, एक समितीच्या आधीचा, एक आताचा. आपल्याला जेवढी भांडणं वाटतात तेवढे तुरीचे दाणे ज्यानं त्यानं चौकोनात टाकायचे. लिहिता न येणाऱ्यालाही सांगता येतं. एका गावात हे रंगात आलेलं असताना उपसरपंचांच्या कोंबड्या आल्या आणि आम्ही हुसकावेपर्यंत आताच्या चौकोनातले निम्मे दाणे त्यांनी उचलले. एक म्हातारा म्हणाला, "समितीला जमलं न्हाई ते कोंबड्यांनी केलं. भांडणं मिटली."

मी म्हणालो, ढीग केवढा होता ते आठवतंय, अंदाजे लिहून टाकू. शिरस्तेदार माझ्याकडं बघतच राहिले. "जबाब कोंबडीनं खाल्ला म्हणून साक्षीदाराच्या वतीनं कारकुनानं बोलायचं?"

सगळ्यांना पुन्हा बोलावलं. काही जण शेतात गेले होते, तिथून बोलावून आणले. दुसऱ्या खेपेला ढीग वेगळाच पडला, पहिल्यापेक्षा मोठा. मी वैतागलो. शिरस्तेदार मात्र खूश. "पहिल्यांदा ते मला सांगत होते," म्हणाले. "मधल्या वेळात एकमेकांशी बोलून आले. हा खरा ढीग."

पण त्यांची सारी तपासणी ज्यावर उभी होती ती गोष्ट वेगळी. कोर्टात साक्षीदाराचा जबाब लिहून झाला की तो त्याला वाचून दाखवतात आणि खाली लिहितात, "वाचून दाखविले, बरोबर आहे." बहुतेक ठिकाणी हे वाक्य आधीच लिहिलेलं असतं आणि वाचणं घाईत उरकतं. शिरस्तेदार उरकत नसत. एकदा साक्षीदार बाईला कमी ऐकू येत होतं, तर त्यांनी जबाब एवढ्या मोठ्यानं वाचला की बाहेरच्या झाडाखालचे पक्षकार आत आले. न्यायाधीश रागावले. शिरस्तेदार म्हणाले, "साहेब, तिनं बरोबर आहे म्हटलं नाही तोवर हा कागद माझा आहे. म्हटलं की तिचा होतो." हीच रीत त्यांनी आमच्या कामात आणली. गावाविषयी जे लिहू ते गावात वाचायचं, ज्यांनी सांगितलं त्यांच्यासमोर. ते बरोबर म्हणाले तरच कागद गावाबाहेर जाईल.

धावड्याच्या बाजूला एक गाव होतं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता चांगली नांदतात. आमची समिती येण्याआधी एका पोळ्याला तिथं मोठी मारामारी झाली होती. वेशीत तोरणाखालून बैल न्यायचे, त्यांचा क्रम ठरलेला, बौद्ध वस्तीतले बैल सगळ्यांत शेवटी. त्या वर्षी वस्तीतली एक जोडी मधेच पुढं गेली आणि काठ्या निघाल्या. सुभद्राबाई म्हणून वस्तीत शेती करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याचा हात मोडला तो वाकडाच राहिला. पुढं समिती झाली. पाटील घराण्यातले अण्णा तिचे अध्यक्ष. भला माणूस. स्वतःच्या पुतण्यांच्या हातातल्या काठ्या त्यांनी काढून घेतल्या होत्या. तेव्हापासून पोळ्याला काठी निघाली नाही. आमचं सगळ्यांत नावाजलेलं गाव ते. पाहुणे आले की आम्ही तिकडंच न्यायचो.

अण्णांनी शिरस्तेदारांना सांगितलं, "दोन्हीकडची पोरं एका टपरीवर बसतात. पोळा शांततेत होऊन राह्यला. गावाला बरं झालं, बराबर हाय का न्हाई?" सगळे हो म्हणाले. शिरस्तेदारांनी आपला शब्द उच्चारला, आणि उत्तराची वाट न बघता वस्तीकडं चालू लागले.

सुभद्राबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. बराच वेळ त्या मिरच्यांविषयीच बोलल्या. मग म्हणाल्या, "काठी कशाला निघंल साहेब? आमचे बैल येशीत जातच न्हाईत. आमी दारातच ओवाळून घेतो. बैलाला काय, पुरणाची पोळी दारातबी गोडच लागती."

मी आमच्या पाहुण्यांना तो शांत पोळा कितीदा दाखवला होता. वस्तीतले बैल कुठं आहेत, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"हे बाई, तुम्ही गावासमोर सांगाल?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"माझ्या शेताची वाट अण्णाच्या भावकीच्या वावरातून जाती. सांगू कशी?"

"मी लिहितो. आधी तुम्हाला वाचून दाखवतो. मग तुम्ही आणि ते एका ठिकाणी बसाल तेव्हा वाचतो. दोन्हीकडून बरोबर म्हटल्याशिवाय गावाबाहेर जाणार नाही."

"शबूद?"

"शब्द."

तेव्हा त्यांनी आपली खूण सांगितली. "आमचे बैल तोरणाखालून जावे आन् सांजच्याला कुनाचं डोकं बांधायची पाळी येऊ न्हाई. मंग म्हना तंटा मिटला."

शिरस्तेदारांनी दोन्ही खुणा लिहिल्या. अण्णांच्या खुणेनं काम पूर्ण, सुभद्राबाईंच्या खुणेनं अजून सुरूच नाही. गावात वाचायचा दिवस ठरण्याआधी त्यांच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेसाठी ते औरंगाबादला मुलीकडं गेले. जाताना मसुदा माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "मी येईपर्यंत थांब. जल्दी करू नको."

मी थांबलो नाही. अहवालाची तारीख जवळ आली होती, पुढचं काम मंजूर व्हायचं होतं, माझ्या हाताखालच्या मुलांचे पगार त्यावर होते. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. खरं कारण याहून साधं होतं. आमच्या नावाजलेल्या गावात काम अर्धंच झालं आहे, हे माझ्या सहीनं जायला मला नको होतं. सुभद्राबाईंची खूण मी गाळली. तिच्या जागी, दोन्ही बाजूंनी एकमुखानं समाधान व्यक्त केलं, असं वाक्य घातलं.

पैसे देणाऱ्यांकडचे पाहुणे लगेच आले. शाळेच्या मैदानात कार्यक्रम झाला, अण्णांना शाल-नारळ दिला, आणि पाहुण्यांनी भाषणात नेमकं तेच वाक्य वाचलं. सुभद्राबाई मागून उठल्या. "आमी असं कवा म्हनलो?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "बाई, शिरस्तेदारांनी लिहून दिलं तेच आहे."

त्या खाली बसल्या. कार्यक्रम पुढं चालू झाला.

काही दिवसांनी शिरस्तेदार परत आले. डोळ्यांवर हिरवा चष्मा, वाचायला अजून मनाई. मी भेटायला गेलो. अहवाल पाठवावा लागला, असं त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा."

"वाच."

पिशवीत त्यांचा मूळ मसुदाही होता. मी तो काढला आणि वाचला. सुभद्राबाईंची खूण, त्यांचे शब्द, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "बरोबर आहे." मग समजुतीनं म्हणाले, "उशिरा का होईना, गावात वाचू. शब्द दिलाय."

मीच त्यांना घेऊन गेलो. नाही कसं म्हणणार? एसटीच्या शेडमध्ये बसायचं ठरलं होतं. अण्णा आले, त्यांच्याकडचे काही जण आले. वस्तीतून कुणी आलं नाही. दुपारपर्यंत वाट पाहून शिरस्तेदार वस्तीत गेले. मी शेडमध्येच थांबलो. ते परत आले तेव्हा म्हणाले, "बाई म्हणाल्या, एकदा सांगितलं साहेब, आता वावरात काम हाय. आणि आत गेल्या."

परतीच्या रस्त्यावर ते माझ्या पाठीला पाठ लावून बसले होते, त्यामुळं त्यांचा चेहरा मला दिसला नाही. राजूरच्या जवळ म्हणाले, "माझ्या विचारण्यातच कुठंतरी खोट राहिली. त्या बाईला मी बोलतं केलं आणि उघड्यावर आणलं. हे काम मला जमलं नाही." पुढच्या गावांचे कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी परत पाठवले. वर चिठ्ठी नव्हती.

कोर्टकचेरीतली इतकी वर्षं जो माणूस स्वतःच्या रीतीवर कधी डगमगला नाही, तो माझ्यामुळं डगमगला. एका वाक्यानं त्याला सावरता आलं असतं, आणि मला ते वाक्य माहीत होतं.

नंतर ते घरीच असत. शेजारपाजारच्यांचे अर्ज लिहून देत, आणि अर्थातच वाचून दाखवत. सकाळी बायकोला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत आणि प्रत्येक बातमीनंतर थांबत. त्या म्हणत, "मला काय विचारता, मी का लिहिलंय?" तसं त्यांचं मजेत चाललं होतं. मी कधीमधी जायचो. गावांचा विषय ते काढत नसत. मीही काढला नाही.

त्या गावात मात्र एक गोष्ट झाली. पुढल्या ग्रामसभेत ठरावावर अंगठे घ्यायला सुरुवात झाली तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा. मागं एकदा आमच्या नावानं भलतंच वाचलं. मंगच अंगठा." ग्रामसेवक कुरकुरला, पण वाचू लागला. पाणीपट्टीचा ठराव असो की रस्त्याचा, तिथं तो मोठ्यानं वाचायची रीतच पडली. ऐकायची सवय झाली तशी मधेच बोलायचीही झाली. काही वर्षांनी त्यांनी पोळ्याचा विषय सभेत काढला. हे मला अण्णांनीच सांगितलं.

अण्णा म्हणाले होते, "सुभद्राबाई, येशीत यायला तुमाला कोन अडवून राह्यलं?"

बाई म्हणाल्या, "अडवत कोनी न्हाई अण्णा. बलावतंय का कोनी?"

अण्णांना रात्रभर झोप आली नाही, असं ते म्हणाले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते नारळ घेऊन वस्तीत गेले. क्रम काढून टाकला. जो आधी येईल तो आधी. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं.

मी तो पोळा पाहिला. रंगवलेली शिंगं, झुली, हलगी. दोन्हीकडची म्हातारी माणसं सुरुवातीला जरा अवघडून उभी होती. सुभद्राबाईंची जोडी चांगली लवकर आली, त्यांच्या मुलानं कासरा धरला होता. तो जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला होता, खास रजा काढून आला होता. जोडी तोरणाखालून सरळ निघून गेली. मागं अण्णांचा थोरला बैल तोरण बघून बुजला आणि जागचा हलेना. सुभद्राबाई म्हणाल्या, "अण्णा, बैल आमच्यावानीच हाय तुमचा. बलावल्याबिगर येत न्हाई." वेशीत जे हसू उठलं त्यानं तो बैल आणखी बुजला. संध्याकाळी कुणाचंही डोकं बांधावं लागलं नाही.

निघताना सुभद्राबाई मला म्हणाल्या, "त्या कोटवाल्या साहेबाला सांगा. त्यांनी आमचं लिवलं न्हाई ते न्हाई, पन इचारलं त्यांनीच व्हतं."

तिथंच सांगायला हवं होतं की त्यांनी लिहिलं होतं. आजूबाजूला माणसं होती, हलगी वाजत होती. मी मान डोलावली.

तिथून मी थेट जुन्या जालन्यात शिरस्तेदारांच्या घरी गेलो. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. आधी पोळा सांगायचा, मग दुसरं. पोळा सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. बैल कोणत्या रंगाचा, तोरण कुणी बांधलं, बाई हसल्या का. बायकोला आतून बोलावून तिलाही ऐकायला लावलं. ग्रामसभेत वाचून दाखवतात हे कळल्यावर ते उठून उभेच राहिले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता. मी म्हणालो, "शिरस्तेदार, एक राहिलंय."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मला माहीत आहे काय राहिलंय. मी सोडून दिलं, तू सोडलं नाहीस. इतकी वर्षं तिथं चिकटून राहिलास आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस." मग बायकोकडं वळून म्हणाले, "माझ्यानं झालं नाही ते यानं केलं."

त्यानंतर ते बरीच वर्षं होते आणि समाधानात होते. आल्या-गेल्याला माझी ओळख तशीच करून द्यायचे. मी समोर बसून ऐकायचो. प्रत्येक वेळी घरून ठरवून गेलेला असायचो आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा बघून परत यायचो. शेवटच्या आजारात डोळे पूर्ण गेले होते. मी आलोय हे कळल्यावर त्यांनी उशीजवळ जागा करून दिली. मला एवढंच म्हणायचं होतं: शिरस्तेदार, तुमच्या विचारण्यात काही खोट नव्हती. सुभद्राबाईंचे शब्द मी गाळले, गावासमोर नाव तुमचं सांगितलं, आणि तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा भलताच कागद वाचून दाखवला. मला माफ करा.

मी त्यांना पाणी हवं का विचारलं.